पशुवैद्यकाविरुद्ध तक्रार: कोणाकडे, कोणत्या कागदांवर, किती मुदतीत

जनावर दगावले की पहिले दोन दिवस रडण्यात आणि चिडण्यात जातात. तक्रारीसाठी लागणारा बहुतेक सगळा पुरावा नेमका त्याच दोन दिवसांत हातचा जातो. मृतदेह पुरला जातो, औषधांच्या रिकाम्या बाटल्या कचऱ्यात जातात, केसपेपर दवाखान्यातच राहतो. महिन्याभराने कोणी म्हणते, "अहो, तक्रार करा की," तेव्हा सांगण्यासारखे खूप असते आणि दाखवण्यासारखे काहीच नसते. म्हणून कामे ज्या क्रमाने करायला हवीत त्या क्रमाने इथे मांडतो आहे. चुकीच्या उपचाराने जनावर अधू झाले, गाभण गाय गाभडली, मांजराचा पाय गेला, अशा वेळीही हाच क्रम उपयोगी पडतो.

मांडणी महाराष्ट्रातली व्यवस्था धरून केली आहे. मुख्य कायदे केंद्राचे असल्याने गोव्यात किंवा बेळगाव, इंदूर, बडोद्याकडे राहणाऱ्यांनाही यातले बरेचसे लागू पडेल. तिथे फक्त पशुवैद्यक परिषद आणि पशुसंवर्धन खाते त्या त्या राज्याचे.

आधी ठरवा, तुम्हाला हवे काय

अर्ज लिहून घ्यायला कोणी आले की मी पहिला प्रश्न हाच विचारतो. बहुतेकांचे उत्तर असते, "त्याला धडा शिकवायचा." पण धडा शिकवणारे असे एखादे कार्यालय नाही. वेगवेगळी कार्यालये आहेत आणि प्रत्येकाच्या हातात वेगळी गोष्ट आहे.

खर्च झालेले पैसे, जनावराची किंमत, बुडालेले दूध, मनस्ताप यांची भरपाई हवी असेल तर ग्राहक तक्रार निवारण आयोग. या डॉक्टरच्या वागण्याची व्यवसायाच्या पातळीवर चौकशी व्हावी, त्याला ताकीद मिळावी किंवा नोंदवहीतून त्याचे नाव कमी व्हावे असे वाटत असेल तर राज्य पशुवैद्यक परिषद. परिषद एक रुपयाही मिळवून देत नाही आणि आयोग कोणाची नोंदणी रद्द करत नाही. डॉक्टर सरकारी असेल तर पशुसंवर्धन खाते. डिग्रीच नसलेला माणूस डॉक्टर म्हणून मिरवत असेल, किंवा जनावराला जाणूनबुजून इजा केली असेल, तर पोलीस.

एकाच प्रकरणात दोन ठिकाणी जाता येते. मात्र परिषदेकडे अर्ज चालू आहे म्हणून ग्राहक आयोगाची मुदत थांबत नाही. ती दोन वर्षांची आहे. परिषदेच्या उत्तराची वाट बघत बसलेल्यांची ही मुदत निघून जाते आणि मग उशीर माफ करून घेण्यासाठी वेगळा अर्ज आणि सबळ कारण द्यावे लागते.

उपचार फसणे आणि निष्काळजीपणा यांत फरक आहे

जनावर मेले एवढ्यावरून डॉक्टर दोषी ठरत नाही. हे दुःखात ऐकवत नाही, पण इथे स्वतःला फसवले तर पुढची वर्षे वाया जातात. जेकब मॅथ्यू खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने 2005 साली वैद्यकीय निष्काळजीपणाची कसोटी स्पष्ट केली. त्या व्यवसायातला सर्वसाधारण कुशल माणूस अशा परिस्थितीत जी काळजी घेतो ती घेतली होती का, हा तो प्रश्न. सर्वांत हुशार डॉक्टरने काय केले असते, हा प्रश्न नाही. निदानात प्रामाणिक चूक होणे, दोन मान्य उपचारांपैकी एक निवडणे आणि तो लागू न पडणे, यात निष्काळजीपणा नाही. ही कसोटी माणसांच्या डॉक्टरांच्या खटल्यातली असली तरी जनावरांच्या डॉक्टरांनाही तीच लावली जाते.

गोठ्यातलेच उदाहरण घ्या. म्हैस व्याली, दुसऱ्या दिवशी बसली, कान गार पडले, मान पोटाकडे वळली. हा दुग्धज्वर. कॅल्शियम शिरेतून देणे हा त्यावरचा बरोबर उपचार. पण कॅल्शियम भराभर सोडले तर हृदय बंद पडू शकते. म्हणून बाटली अंगाच्या उबेइतकी कोमट करून, सावकाश, ठोक्यांवर लक्ष ठेवत देतात. एवढे करूनही एखादे जनावर जाते, कारण ते आधीच थकलेले असते. मग म्हैस बाटली चालू असतानाच मेली तर विचारायचे प्रश्न असे: बाटली किती मिनिटांत संपवली? ठोके कोणी तपासत होते का? सुई लावून डॉक्टर दुसऱ्या गोठ्यावर निघून गेले होते का? मुळात सुई लावणारा डॉक्टर होता की त्यांच्याबरोबर फिरणारा मुलगा? "कॅल्शियमने म्हैस मारली" हे वाक्य कुठेही टिकणार नाही. "बाटली सात मिनिटांत संपवली आणि त्या वेळात डॉक्टर गाडीपाशी फोनवर बोलत होते, हे आम्ही तिघांनी पाहिले" हे टिकू शकते.

पार्व्हो हा विषाणूजन्य आजार झालेले कुत्र्याचे पिल्लू योग्य सलाईन आणि औषधे मिळूनही दगावते. तिथे तक्रारीला जागा फार थोडी. उलट मांजराला तापासाठी पॅरासिटामॉल दिले असेल तर ते सरळ चुकीचे, कारण मांजराचे शरीर ते औषध पचवू शकत नाही आणि ते विष ठरते. भलत्याच पायावर शस्त्रक्रिया करणे, पोटात कापसाचा बोळा राहणे, मुदत संपलेली लस टोचणे, भूल देऊन जनावराजवळ कोणीच न थांबणे, या गोष्टी समजावून सांगायला फार विद्वत्ता लागत नाही. उघड निष्काळजीपणाच्या प्रकरणात तज्ज्ञाचे मत लागतेच असे नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने 2010 च्या व्ही. किशन राव निकालात म्हटले आहे.

तक्रार लिहिण्याआधी दुसऱ्या पशुवैद्यकाला सगळे कागद दाखवा. "यांचे चुकले का?" असे विचारू नका, बहुतेक जण सहव्यवसायिकाविरुद्ध बोलायला कचरतात. "अशा केसमध्ये तुम्ही कोणत्या तपासण्या केल्या असत्या? हा डोस या वजनाला किती असतो?" असे विचारा. उत्तर आपोआप मिळते.

पहिल्या अठ्ठेचाळीस तासांची कामे

मृत्यू संशयास्पद वाटत असेल तर सर्वांत आधी शवविच्छेदन. हे मी सर्वांत वर ठेवतो, कारण बाकी कागद नंतरही गोळा करता येतात. मुंबईत परळचे पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे. नागपूर, परभणी, उदगीर, शिरवळ आणि अकोल्यालाही महाराष्ट्र पशू व मत्स्यविज्ञान विद्यापीठाच्या पशुवैद्यकीय संस्था आहेत. तिथल्या विकृतिशास्त्र (पॅथॉलॉजी) विभागाला फोन करून विचारा. महाविद्यालय लांब असेल तर तालुक्याच्या सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यातल्या पशुधन विकास अधिकाऱ्याला लेखी अर्ज द्या. ज्याच्यावर संशय आहे त्याच डॉक्टरकडून शवविच्छेदन करून घेऊ नका.

तोवर मृतदेह कसा ठेवायचा? कुत्रा-मांजर असेल तर प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून भोवती बर्फाच्या पिशव्या लावा, किंवा फ्रीजच्या खालच्या कप्प्यात ठेवा. डीप फ्रीजरमध्ये नको. गोठल्याने पेशींची रचना मोडते आणि सूक्ष्मदर्शकाखालची तपासणी बिघडते. गाय-म्हैस असेल तर वेळ आणखी कमी, कारण पोटातल्या वायूमुळे उन्हाळ्यात काही तासांतच मृतदेह फुगून आतले अवयव ओळखू येईनासे होतात. सावलीत ठेवा आणि लगेच फोन लावा. एक धोक्याची सूचना मात्र पाळाच. जनावर अचानक मेले असेल आणि नाकातोंडातून, गुदद्वारातून काळसर, न गोठणारे रक्त येत असेल, तर फाशी रोगाचा (अँथ्रॅक्सचा) संशय धरतात. असे शव कोणीही उघडायचे नाही, हलवायचे नाही. आधी सरकारी डॉक्टरला कळवायचे. हा रोग माणसालाही होतो.

शवविच्छेदनाच्या अर्जात संशय नेमका लिहा. "मृत्यूचे कारण समजावे" एवढेच लिहिले तर अहवालही तेवढाच येतो. "गर्भाशयाच्या शस्त्रक्रियेनंतर चौदा तासांनी मृत्यू. पोटात रक्तस्राव आहे का, टाके सुटले आहेत का, हे पाहावे" असे लिहिले की तपासणारा तिथे बघतो आणि त्याबद्दल लिहितो. विषाचा संशय असेल तर आतड्याचे नमुने न्यायवैद्यक प्रयोगशाळेकडे पाठवावे लागतात. तो मार्ग पोलिसांमार्फत असतो, म्हणून आधी ठाण्यात खबर द्या.

जनावराचा विमा असेल तर पुरण्याआधी विमा कंपनीला कळवा आणि कानातला बिल्ला कानातच राहू द्या. बिल्ल्यासकट डोक्याचे, दोन्ही बाजूंचे फोटो काढा. बिल्ला नाही तर दावा नाही, ही विमा कंपन्यांची अट किती तरी शेतकऱ्यांना आयत्या वेळी कळते.

आता कागद. केसपेपर, औषधांच्या चिठ्ठ्या, रक्त-लघवीचे अहवाल, एक्स-रे, सोनोग्राफी, लसीचे पुस्तक आणि त्यात चिकटवलेले बॅच नंबरचे स्टिकर, बिले, यूपीआयने दिलेल्या पैशांचे स्क्रीनशॉट. सलाईनच्या आणि इंजेक्शनच्या रिकाम्या बाटल्या फेकू नका. लेबलवरचा बॅच नंबर आणि मुदतीची तारीख दिसेल असे फोटो काढा. औषध मुदत संपलेले निघाले तर अन्न व औषध प्रशासनाकडेही तक्रार करता येते. डॉक्टरांशी झालेले व्हॉट्सअ‍ॅपवरचे बोलणे तारीख-वेळेसकट एक्स्पोर्ट करून ईमेलवर पाठवून ठेवा. फोन बदलला की ते जाते.

दवाखाना केसपेपर देत नसेल तर भांडू नका. एका ओळीचे पत्र लिहा: "माझ्या जनावरावर अमुक ते अमुक तारखेदरम्यान झालेल्या उपचाराच्या नोंदी, भुलीचा तक्ता आणि तपासणी अहवालांच्या प्रती मिळाव्यात." पत्र देऊन दुसऱ्या प्रतीवर पोच घ्या, पोच देत नसतील तर स्पीड पोस्टाने पाठवा. नोंदी मागूनही दिल्या नाहीत, हा पुढे तुमच्या बाजूचाच मुद्दा होतो. शिवाय आयोग त्या हजर करायला सांगू शकतो.

त्याच रात्री बसून घटनाक्रम लिहा. तारीख, वेळ, कोण काय बोलले, कोण हजर होते. आठवड्याभराने वेळा पुसट होतात आणि उलटतपासणीत पहिला घाव वेळांवरच बसतो.

डॉक्टर खरोखर डॉक्टर आहे का

भारतीय पशुवैद्यक परिषद अधिनियम 1984 च्या कलम 30 प्रमाणे नोंदणीकृत पशुवैद्यकालाच पशुवैद्यकीय व्यवसाय करता येतो. त्यासाठी बी.व्ही.एस्सी. अँड ए.एच. ही पदवी आणि राज्य परिषदेकडे नोंदणी लागते. पशुधन पर्यवेक्षकासारख्या पदविकाधारकांना राज्य सरकारने ठरवून दिलेल्या किरकोळ पशुवैद्यकीय सेवा देता येतात, त्याही नोंदणीकृत पशुवैद्यकाच्या देखरेखीखाली. गावोगावी मोटारसायकलवर फिरून उपचार करणारे पुष्कळ जण या दुसऱ्या वर्गातले असतात, आणि काही जण कुठल्याच वर्गात नसतात. अडल्यानडल्या वेळी तेच धावून येतात हेही खरे, त्यामुळे गावात त्यांच्याविरुद्ध बोलणे अवघड जाते. तरी पदविकाधारकाने पोट फाडून शस्त्रक्रिया केली आणि गाय मेली, तर ती किरकोळ सेवा नव्हे.

चिठ्ठीवर किंवा शिक्क्यावर नोंदणी क्रमांक शोधा. नसेल तर सरळ विचारा. मिळालेला क्रमांक आणि नाव महाराष्ट्र राज्य पशुवैद्यक परिषदेकडून पडताळून घ्या. परिषदेचे कार्यालय नागपूरला आहे. नाव नोंदवहीत नसेल तर प्रकरणाची दिशा बदलते. परिषद ज्यांची नोंदणी आहे त्यांच्यावर शिस्तीची कारवाई करते. नोंदणी नसताना व्यवसाय करणे हा गुन्हा आहे, म्हणून पोलीस ठाणे आणि जिल्ह्याचे पशुसंवर्धन कार्यालय अशा दोन्हीकडे अर्ज द्या आणि त्याची प्रत परिषदेला पाठवा.

डॉक्टरांना पत्र

थेट आयोगात जाण्याआधी डॉक्टरांना एक लेखी पत्र जरूर द्या. वकिलाची नोटीस असलीच पाहिजे असे नाही. काय झाले, तुमच्या मते कुठे काळजी घेतली गेली नाही, तुम्हाला काय हवे आणि किती दिवसांत, एवढे पुरे. पंधरा दिवसांची मुदत रास्त आहे. कित्येकदा डॉक्टरांचे उत्तर येते आणि त्यात एखादी अशी माहिती असते जी आपल्याला कोणी समजावून सांगितलेलीच नव्हती. कित्येकदा बिल परत मिळते आणि प्रकरण तिथेच मिटते. उत्तरात दिलेली कारणे पुढे बदलणे अवघड जाते, हाही फायदा.

पैसे परत घेऊन मिटवत असाल तर कागदावर सही करण्याआधी वाचा. "पूर्ण व अंतिम, यापुढे कोणतीही तक्रार नाही" असे लिहिले असेल तर पुढची वाट बंद झाली असे समजा.

परिषदेकडे तक्रार

पशुवैद्यकांनी कसे वागावे याचे नियम भारतीय पशुवैद्यक परिषदेने 1992 साली केले आहेत. अर्ज राज्य परिषदेच्या निबंधकांच्या नावे करायचा. परिषद संबंधित डॉक्टरकडून खुलासा मागवते, गरज वाटली तर चौकशी करते, आणि डॉक्टरला म्हणणे मांडायची संधी दिल्याशिवाय नाव कमी करता येत नाही. निनावी अर्जात दम नसतो. अर्ज पाठवण्याआधी कार्यालयात फोन करून ठराविक नमुना आहे का, शपथपत्र हवे का आणि किती प्रती लागतील, हे विचारून घ्या. शपथपत्र नाही म्हणून अर्ज परत आला की महिना-दोन महिने असेच जातात.

अर्जाची भाषा कशी असावी ते दाखवतो. लोक असे लिहून आणतात: "सदर डॉक्टरने पैशाच्या हव्यासापोटी अत्यंत निष्काळजीपणे माझ्या लेकराचा खून केला." ही वेदना खरी आहे, पण वाचणाऱ्याला यातून तपासण्यासारखे काही सापडत नाही. तेच असे लिहा:

"दि. 12 मार्च रोजी सकाळी 10.30 वाजता माझ्या कुत्रीची गर्भाशय काढण्याची शस्त्रक्रिया झाली. शस्त्रक्रियेपूर्वी रक्ततपासणी केली नाही. दुपारी 3 वाजता घरी सोडले. सायंकाळी 6.10 वाजता टाक्यांतून रक्त येत असल्याचे मी फोनवर कळवले. 'थोडे येणारच' असे उत्तर मिळाले. रात्री 9.15 वाजता तिच्या पांढऱ्या पडलेल्या हिरड्यांचा फोटो पाठवला. त्यानंतर चार वेळा फोन केला, तो उचलला गेला नाही. रात्री दुसरीकडे कुठे न्यावे हेही सांगितले नव्हते. पहाटे 4 च्या सुमारास तिचा मृत्यू झाला. शवविच्छेदन अहवालात पोटात रक्त साठल्याची नोंद आहे."

यात एकही विशेषण नाही आणि प्रत्येक वाक्याला जोडायला कागद आहे. शेवटी तीन-चार ओळींत तुमचे आक्षेप क्रमांक देऊन लिहा: पूर्वतपासणी नाही, शस्त्रक्रियेनंतर लक्ष ठेवले नाही, रक्तस्रावाची खबर मिळूनही तपासायला बोलावले नाही, रात्रीची पर्यायी सोय सांगितली नाही. मग मागणी.

संमतिपत्रावर तुमची सही घेतली होती, असे उत्तर हमखास येते. त्या सहीने तुम्ही शस्त्रक्रियेतला मूळचा धोका मान्य केलेला असतो, निष्काळजीपणाला परवानगी दिलेली नसते. पगसारख्या चपट्या नाकाच्या कुत्र्याला भुलीचा धोका जास्त असतो, तो नीट सांगितला होता का आणि तुम्हाला कळेल अशा भाषेत सांगितला होता का, हे मात्र जरूर लिहा.

सरकारी दवाखाना असेल तर

सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यात उपचार फुकट किंवा नाममात्र शुल्कात होतात. सर्वांना विनामूल्य दिलेली सेवा ग्राहक कायद्याखाली येत नाही आणि नाममात्र नोंदणी शुल्क घेतल्याने त्यात बदल होत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने 1995 साली शांता खटल्यात ठरवले. त्यामुळे इथे आयोगाची वाट बहुधा बंद असते. धर्मादाय संस्थेच्या रुग्णालयाचे तसे नाही. तिथे काहींकडून पैसे घेतात आणि काहींना फुकट उपचार देतात, अशा ठिकाणची सेवा त्याच निकालाप्रमाणे कायद्यात येते.

सरकारी डॉक्टरविरुद्ध अर्ज आधी तालुक्याच्या पातळीवर पंचायत समितीत द्या. वर जायचे तर, दवाखाना जिल्हा परिषदेचा असल्यास जिल्हा परिषदेचा पशुसंवर्धन विभाग आणि मुख्य कार्यकारी अधिकारी, राज्य सरकारचा असल्यास जिल्हा पशुसंवर्धन उपआयुक्त. त्याहीवर पुण्यातले पशुसंवर्धन आयुक्तालय. 'आपले सरकार' पोर्टलवरही तक्रार नोंदवता येते, तिथे टोकन क्रमांक मिळतो, तो जपा. प्रत्येक अर्जावर आवक शिक्का घ्या. महिन्याभरात हालचाल नसेल तर माहिती अधिकाराचा अर्ज टाका. शुल्क 10 रुपये, उत्तराची मुदत 30 दिवस. "माझ्या अर्जावर काय केले?" असे मोघम विचारू नका. त्या अर्जावरच्या टिपणीची प्रत, डॉक्टरच्या खुलाशाची प्रत आणि त्या दिवशीच्या दवाखान्याच्या रुग्णनोंदवहीच्या पानाची प्रत मागा. त्या पानावर तुमच्या जनावराची नोंदच नाही, असे निघाले तर तोच पुरावा.

ठरलेल्या सेवाशुल्कापेक्षा जास्त पैसे मागत असतील तर लाचलुचपत प्रतिबंधक विभागाचा 1064 हा क्रमांक आहे. फोन पैसे देण्याआधी करायचा असतो. आणि सरकारी डॉक्टरही परिषदेकडे नोंदणीकृतच असतो, तेव्हा परिषदेचा मार्ग त्याच्याबाबतीतही मोकळा आहे.

ग्राहक आयोग

इथे जरा सविस्तर सांगतो, कारण खासगी डॉक्टरांच्या बाबतीत भरपाई मिळण्याची जागा हीच आणि सामान्य माणसाला वकिलाशिवाय चालवता येईल अशीही हीच.

2019 चा ग्राहक संरक्षण कायदा जुलै 2020 पासून लागू आहे. तुम्ही डॉक्टरांना दिलेली फी 50 लाखांपर्यंत असेल तर तक्रार जिल्हा आयोगात, म्हणजे पशुवैद्यकाच्या प्रकरणात जवळजवळ नेहमीच. दिलेली रक्कम 5 लाखांपर्यंत असेल तर कोर्ट फी नाही. इथे बघतात ती दिलेली फी, मागितलेली भरपाई नव्हे. तक्रार तुम्ही जिथे राहता किंवा काम करता त्या जिल्ह्यातही दाखल करता येते. पुण्यात राहणाऱ्याने मुंबईच्या दवाखान्यासाठी मुंबईला खेपा घालायची गरज नाही. दाखल करणे ऑनलाइनही होते, 2025 पासून त्यासाठी ई-जागृती हे पोर्टल आहे. त्याआधी 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर फोन करून तडजोडीचा प्रयत्न करता येतो. तो सक्तीचा नाही.

तक्रारीबरोबर घटनाक्रम, कागदांची क्रमवार यादी, प्रती आणि शपथपत्र जोडा. दवाखाना एखाद्या संस्थेचा किंवा कंपनीचा असेल तर डॉक्टर आणि दवाखाना दोघांनाही विरुद्ध पक्ष करा. शेतकऱ्याने एक परिच्छेद आवर्जून घालावा: हे जनावर मी आणि माझे कुटुंब स्वतः सांभाळतो, त्यावर आमची उपजीविका चालते. दुधाचा धंदा म्हणजे व्यापारी कारण, म्हणून तुम्ही ग्राहकच नाही, असा आक्षेप समोरून येऊ शकतो, त्याची तयारी आधीच हवी.

भरपाईचा आकडा आकाशातून काढू नका. म्हशीची किंमत दाखवायला बाजारातली खरेदीची पावती किंवा विम्यातले मूल्यांकन जोडा. दुधाचे नुकसान दाखवायला डेअरीची दर दहा दिवसांची बिले सर्वांत भक्कम, कारण त्यात लिटर, फॅट आणि दर छापलेला असतो. त्यातून पेंड आणि चाऱ्याचा खर्च वजा करून निव्वळ आकडा मांडा. तुम्ही स्वतःच वजावट दाखवली की बाकीच्या आकड्यांवर विश्वास बसतो. घरच्या कुत्र्या-मांजराच्या बाबतीत उपचाराची बिले, दुसऱ्या दवाखान्यात नेल्याचा खर्च, शवविच्छेदन आणि प्रवासाचा खर्च मांडा. मनस्तापाची रक्कम वेगळी लिहा आणि ती पटेल एवढीच ठेवा. ते लेकरासारखे होते हे सांगायला संकोच करू नका. किती वर्षे घरात होते, घरातल्या म्हाताऱ्या माणसाला त्याची किती सोबत होती, हे दोन वाक्यांत लिहा.

नोटीस मिळाल्यावर समोरच्याला उत्तराला 30 दिवस मिळतात, फार तर आणखी 15. त्यापलीकडे मुदत वाढवता येत नाही, हे 2020 मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने सांगितले आहे. त्यामुळे उत्तर कधी आले त्या तारखेवर लक्ष ठेवा. कायद्यात निकालासाठी तीन ते पाच महिन्यांचा काळ सांगितला असला तरी प्रत्यक्षात त्यापेक्षा बराच जास्त वेळ लागतो, त्या हिशेबानेच उतरा. मध्यस्थीचा प्रस्ताव आला तर ऐकून घ्या. तुम्हाला प्रामुख्याने खर्च परत हवा असेल तर तो लवकरचा मार्ग असतो.

पोलीस आणि समाजमाध्यमे

जनावराला मारणे किंवा अपंग करणे यासाठी भारतीय न्याय संहितेच्या कलम 325 मध्ये पाच वर्षांपर्यंत शिक्षा आहे, पण तिथे नुकसान करण्याचा हेतू किंवा जाणीव लागते. उपचारातला निष्काळजीपणा सहसा त्यात बसत नाही. डॉक्टरने किंवा मदतनीसाने जनावराला मारहाण केली, उपाशीतापाशी कोंडून ठेवले, असे असेल तर 1960 च्या प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणाऱ्या कायद्याचे कलम 11 लागू होते. दवाखान्याचे सीसीटीव्ही चित्रण जपून ठेवण्याची मागणी त्याच दिवशी लेखी करा, ते काही दिवसांत पुसले जाते.

दवाखान्याचे नाव घेऊन फेसबुकवर "खुनी" लिहिण्याचा मोह आवरा. त्याने बदनामीची उलट तक्रार ओढवते आणि आयोगापुढे तुमचाच सूर भडक दिसतो. लिहायचेच असेल तर तारखेसह घडलेले लिहा. गर्दी घेऊन दवाखान्यावर तर मुळीच जाऊ नका. तिथे त्या वेळी दुसऱ्या कोणाचे जनावर टेबलावर असते.

निकालानंतर

निकाल विरुद्ध गेला तर राज्य आयोगाकडे 45 दिवसांत अपील करता येते. तुमच्या बाजूने लागला आणि डॉक्टरने अपील केले, तर आदेशातल्या रकमेच्या निम्मी रक्कम त्याला आधी भरावी लागते. अपीलही नाही आणि पैसेही नाहीत, असे झाले तर त्याच जिल्हा आयोगात अंमलबजावणीचा अर्ज करा. आदेश न पाळणाऱ्याला कलम 72 प्रमाणे एक महिना ते तीन वर्षे कैद किंवा किमान 25 हजार रुपये दंड, किंवा दोन्ही होऊ शकतात. त्या अर्जाला आदेशाची प्रमाणित प्रत लागते, म्हणून निकाल लागेल त्याच आठवड्यात तिच्यासाठी अर्ज देऊन ठेवा.